किसनरावांचा उजवा हात

मंजुळाबाईंनी नवऱ्याचा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि पार गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सहा!”

किसनरावांनी डाव्या हातानं तो हात सोडवून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्यावर पंचा ओढला.

“अवं, सहाच झाले. डाक्टरनं वीस सांगितलेत. करा इकडं हात.”

“न्हाई,” किसनराव म्हणाले.

लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडून नीट निघणारा हा एवढाच शब्द होता. बाकीचे शब्द जिभेपर्यंत येत, तिथं अडखळत आणि घरघर होऊन बाहेर पडत. म्हणून त्यांनी बाकीचं बोलणंच सोडून दिलं होतं. ओट्यासमोरून हंडे घेऊन चाललेल्या दोघीजणी थांबल्या. एकीनं डोक्यावरचा हंडा सावरत विचारलं, “कसं हाय आता किसनदादाला?” मंजुळाबाई सांगू लागल्या तसे किसनराव खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

दाराच्या आत कोमल उभी होती. तिच्या हातात सासऱ्यांसाठी आणलेला चहा होता. तो आता द्यावा की परत न्यावा हे तिला कळेना.

दिवाळीच्या तोंडावर हळदीला पाणी देऊन आलेले किसनराव अंगणात पाय धुताना कोसळले होते. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती. पायात हळूहळू जीव आला. काठीच्या आधारानं ते मोरीपर्यंत जाऊ लागले. हात मात्र तसाच राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा हात रोज उचलायचा, थोडा का होईना स्वतःच्या जोरानं, नाहीतर खांद्यात धरेल तो कायमचा. मंजुळाबाईंनी ते मनावर घेतलं होतं. पण हट्टा गावात ज्या माणसानं बांधाच्या भांडणात चार जणांना गप्प बसवलं, त्याचा हात बायकोनं धरावा आणि बालवाडीतल्या लेकरासारखे आकडे म्हणावेत, हे किसनरावांना सोसत नव्हतं.

कोमलला ते दिसत होतं. पण करायचं काय? सासऱ्याचा हात धरणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी ती किसनरावांशी समोरासमोर चार वाक्यं बोलली नव्हती. चहा ठेवायचा, पदर सावरायचा, मागं फिरायचं.

दुपारी तिचा नवरा भागवत जेवायला आला तेव्हा तिनं त्याला वाढता वाढता विचारलं.

“आबांचा हात मोजायला मशीन केलं तर?”

भागवतचा घास हातातच राहिला. “म्हणजे?”

“हात वर आला की आकडा एकानं वाढंल. आपोआप. कुणी धरायला नको, कुणी म्हणायला नको.”

“आन् असं मशीन भेटतं कुठं?”

“भेटत न्हाई. मी करते.”

भागवतनं तिच्याकडं नीट पाहिलं. कोमल हिंगोलीची. तिचे वडील एसटीच्या डेपोत होते. लेकीला त्यांनी नांदेडला ठेवून इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा करू दिला आणि मग दोनच महिन्यांत लग्न लावून दिलं. डिप्लोमाचं प्रमाणपत्र भागवतनं पाहिलं होतं. पण आपल्या बायकोला त्यातलं काय येतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“आबा ऐकतील मशीनचं?”

“ते न्हाई माहीत. आत्याबाईंचं तर ऐकून न्हाई राहिले.”

खरं सांगायचं तर तिला हे सुचलं ते सगळंच सासऱ्याच्या मायेपोटी नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिची कथिल वितळवून तारा जोडायची सोल्डरिंगची इस्त्री पडून होती. शेवटच्या वर्षी तिनं आणि तिची मैत्रीण दिपानं मिळून दारातून किती माणसं आत गेली ते मोजणारं यंत्र केलं होतं, आणि ते चाललं होतं. त्या दिवसानंतर तिच्या हातांनी तसलं काही केलं नव्हतं. भाकरी थापताना, हळदीच्या वाफ्यात निंदताना मधूनच तिची बोटं बारीक तार धरल्यासारखी जवळ येत आणि मग तिचं तिलाच हसू येई.

सासऱ्यांच्या गोळ्या आणायला भागवत नांदेडला निघाला तेव्हा तीही बरोबर गेली. दिपा तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यावरची ही पोरगी, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी. कोमलला दारात बघून तिनं हातातली वायर टाकून दिली.

“अगं, मला वाटलं तू हळदच झालीस आता पुरती!”

दोघींनी मिळून सामान काढलं. न दिसणारा प्रकाश सोडणारा एक छोटा दिवा आणि त्याच्या शेजारी तो प्रकाश टिपणारा डोळा. समोर हात आला की प्रकाश हातावर आपटून परत येणार, डोळ्याला तो कळणार. डोळ्याला कळलेलं मोजायचं काम मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे चाळीस पायांच्या एका काळ्या चिपचं. तिच्यात प्रोग्रॅम भरायला संगणक लागतो, तो दिपाकडं होता. आणि आकडा दाखवायला लाल उजेडाच्या दोन पट्ट्या, दुकानातल्या घड्याळात असतात तशा.

घरी आल्यावर ती वीज असेल तेव्हा जोडणी करू लागली. लोडशेडिंगचे दिवस होते; इस्त्री तापते न तापते तोच लाइट जाई. मंजुळाबाई येता-जाता बघत. कथिल वितळल्याचा वास त्यांना आवडत नसे, पण त्यांनी नाक मुरडलं नाही. एकदा त्या जवळ येऊन बसल्या.

“ह्याच्यानं हात बरा व्हईल?”

“हात मामांनाच उचलावा लागंल, आत्याबाई. हे फक्त मोजंल.”

“मोजायला मी व्हते की.” मंजुळाबाईंनी खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. “मी वरडते ते काय हौस हाय का मला? मोजलं की वाटतं, चाललंय कायतरी. गप बसलं तर लई भ्या वाटतं बघ.”

कोमलनं इस्त्री खाली ठेवली. तिनं सासूच्या पुढ्यात चिप ठेवली आणि तिचे पाय दाखवले. मंजुळाबाई म्हणाल्या, “गोमच हाय की,” आणि दोघी हसल्या.

भागवतनं जुन्या चौकटीच्या लाकडाचा एक खांब करून दिला. त्याला खालून वर अशी भोकं पाडली, म्हणजे हात जसजसा वर जाईल तसा डोळा वरच्या भोकात बसवता येईल. पहिल्या दिवशी डोळा सगळ्यात खालच्या भोकात होता, खाटेवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापेक्षा थोडा वर. खांब खाटेजवळ ठेवून भागवतनं वडिलांना समजावलं.

“आबा, इथं हात आणायचा. मशीन टिक करंल. कुणी काय बोलणार न्हाई तुमाला.”

किसनरावांनी खांब बघितला, तारा बघितल्या, दाराआड उभ्या असलेल्या सुनेच्या पदराकडं बघितलं. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून थरथरत निघाला. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात कापत होता. तो डोळ्यासमोर आला तशी टिकटिकटिक अशी झड लागली आणि एकाच उचलण्यात आकडा पाचावर गेला.

“आई गं, पाच!” मंजुळाबाईंनी हात जोडले.

कोमलनं सगळ्या चाचण्या स्वतःच्या हातावर घेतल्या होत्या. तिचा हात थरथरत नव्हता. सरळ जाई, सरळ येई, आणि यंत्र एक मोजे. हा हात डोळ्यासमोर आत-बाहेर होत होता, आणि यंत्राच्या लेखी ते पाच हात होते. ज्याच्यासाठी यंत्र केलं त्याचा हात कसा आहे हे तिनं विचारातच घेतलं नव्हतं.

“चुकून राहिलंय ते,” ती दारातूनच म्हणाली. “दुरुस्त करावं लागंल.”

पुढच्या खेपेला भागवत चिप रुमालात बांधून दिपाकडं घेऊन गेला. सोबत कोमलनं प्रोग्रॅममधला बदल लिहून दिला होता. एकदा मोजलं की थांबायचं, आणि हात पुरता खाली जाऊन थोडा वेळ झाल्याशिवाय पुढचं मोजायचं नाही. चिप परत आली. आता कापरा हात आला तरी एकच टिक वाजे.

किसनराव रोज संध्याकाळच्या आधी बसू लागले. ओटा रिकामा असेल तेव्हा. मंजुळाबाई आत पीठ मळत आवाज ऐकत. दोन, तीन, कधी पाच. मग काठीचा आवाज आणि खाटेची करकर.

आणि मग एके दिवशी भागवत शेतातून आला तर मंजुळाबाई ओट्यावर गूळ वाटत होत्या. “बघ, बघ तुझ्या बापानं काय केलं!” पट्टीवर सत्तेचाळीस दिसत होते. शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या. किसनराव खाटेवर टेकून बसले होते. तोंडाचा उजवा कोपरा अजून खालीच होता, पण डाव्या बाजूला हसू आलं होतं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. भागवतनं वडिलांच्या पायाला हात लावला. कोमलला कुणीतरी आतून ओढून आणलं आणि तिच्या तोंडात गूळ घातला.

दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी झाले.

कोमल त्या आकड्यापुढं उभी राहिली. कालच्या गुळाची चव तिला आत्ता आली, आणि ती नकोशी होती. हात डोळ्यापर्यंत येऊन परत जायला किती वेळ लागतो हे तिला माहीत होतं. एका संध्याकाळच्या बैठकीत तसं चौऱ्याऐंशी वेळा होणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती उन्हं कलताना मुद्दाम ओट्यावर येऊन गहू पाखडत बसली. भागवत वडिलांना धरून मोरीकडं घेऊन गेला. खाट रिकामी झाली. आणि रिकाम्या खाटेसमोर यंत्र म्हणालं, टिक.

थोड्या वेळानं पुन्हा, टिक.

अंगणातला कडुलिंब वाऱ्यानं हलत होता. मावळतीकडचं ऊन पानांतून गाळून थेट खांबावर पडत होतं. पान सरकलं की ऊन डोळ्यात जाई, पान परत आलं की सावली. उन्हातही तो न दिसणारा प्रकाश असतोच. हे तिला शिकवलेलं होतं, तिनं ते परीक्षेत लिहिलेलंही होतं. यंत्र लिंबाची पानं मोजत होतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. खांब फिरवून तोंड भिंतीकडं करायचं, डोळ्याभोवती जुन्या रेडिओच्या एरियलचा नळीसारखा तुकडा बसवायचा. काम एवढंच होतं. ते करून गप्प बसता आलं असतं. पण उद्या आकडा चारावर आला की मामांना काय वाटेल? आपला हात एका रात्रीत मेला असं वाटेल. आणि गप्प बसून ऊन तसंच येऊ दिलं, तर हात खाटेवर पडून राहील आणि घर गूळ वाटत राहील.

किसनराव काठी टेकत परत आले, खाटेवर बसले. कोमल उठली. पदर डोक्यावर घेतला आणि खांबाजवळ जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. इतकी जवळ ती कधी उभी राहिली नव्हती.

“मामा, ते आकडे तुमचे न्हाईत,” ती म्हणाली. “ऊन पडून राहिलंय ह्याच्यावर. लिंबाची पानं हालली की हे मोजतं. माझी चूक झाली. मी आधी बघायला पाहिजे होतं.”

तिनं डोळ्यावर तळहात धरला. टिकटिक थांबली. काढला, पान हललं आणि आकडा पुढं गेला.

किसनराव त्या आकड्याकडं बघत राहिले. डाव्या बाजूचं हसू कधी गेलं ते तिला दिसलंच नाही. ते हळूच आडवे झाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मंजुळाबाईंनी तिला चुलीपाशी गाठलं. त्यांचा आवाज दबलेला होता, आणि म्हणूनच जास्त लागला.

“काहून सांगितलंस? मानसाला जरा बरं वाटून राहिलं व्हतं. खोटं तर खोटं. कुणाचं काय जाऊन राहिलं व्हतं?”

कोमलनं खाली बघितलं. तव्यावरची भाकरी करपत होती. ती उलटायला दोघींपैकी कुणाचाच हात पुढं झाला नाही.

तिनं नळी बसवली, खांबाचं तोंड फिरवलं. पण किसनराव बसायला तयार झाले नाहीत. भागवतनं विनवलं, मंजुळाबाईंनी विनवलं, रागावल्या, रडल्या. उत्तर एकच, “न्हाई.” खांबावर धूळ बसली. कोंबडीचं एक पिल्लू त्याच्या आडोशाला येऊन बसू लागलं. कोमलनं मनाशी ठरवलं, हळदीचं काम उरकलं की हे सगळं सोडवून ट्रंकेत ठेवून द्यायचं.

हळद काढणीला आली. शिजवलेली हळद खळ्यावर जागा पुरेना म्हणून अंगणातही वाळत घातली. भागवत आणि मंजुळाबाई शेतात, आणि घरी कोमल, ओंडक्यावर बसून वाळती हळकुंडं परतणारी. हात कोपरापर्यंत पिवळे. ओट्याकडं तिची पाठ होती.

मागं खाटेची करकर झाली. मग बराच वेळ काही नाही. मग, टिक.

तिचे हात हळदीत थांबले. तिनं मान वळवली नाही. लिंबाकडं बघितलं. पानं निम्मी गळून गेली होती आणि वारा पडलेला होता. ऊनही अजून डोक्यावर होतं, ओट्याच्या आत आलेलं नव्हतं.

श्वास ओढल्याचा, दात आवळल्याचा आवाज आला. टिक.

मागं वळून बघावं असं तिला फार वाटलं. पण तिनं पुन्हा हळद परतायला घेतली, नेहमीपेक्षा जरा जास्त खळखळाट करत, आपलं लक्ष कामातच आहे असं वाटावं म्हणून. आवाज थांबल्यावरही ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून ओट्यावरून गेली. किसनराव डोळे मिटून टेकले होते, कपाळावर घाम होता. पट्टीवर तीन दिसत होते.

संध्याकाळी मंजुळाबाई आल्या. त्यांनी आकडा बघितला, सुनेकडं बघितलं. कोमलनं मान हलवली. जेवताना मंजुळाबाईंनी कोमलच्या ताटात न विचारता तुपाची धार सोडली.

त्यानंतर हाताचं काम चालू राहिलं. वेगानं नाही. काही दिवस तर आकडा मागंच जाई. पण उन्हाळा सरेपर्यंत डोळा तळातल्या भोकातून वर चढत चढत छातीच्या भोकापर्यंत आला. भोक बदलायची वेळ आली की किसनराव काठीनं खांबावर दोनदा ठोकत आणि आत बघत. कोमल पेचकस घेऊन बाहेर येई. ती काम करत असताना ते तिच्या बोटांकडं एकटक बघत राहत. एकदा तिचा पेच खाली पडला आणि खाटेखाली गेला. त्यांनी तो काठीनं ओढून तिच्यापुढं आणला. एवढंच. बोलणं दोघांत अजूनही नव्हतं, पण ती आता दाराआड उभी राहत नव्हती.

पेरण्या उरकत आल्या असताना भागवतच्या मोबाइलवर दिपाचा फोन आला. वसमतला एक खासगी आयटीआय सुरू होत होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना हातात इस्त्री धरायला शिकवणारं माणूस हवं होतं. दिपानं कोमलचं नाव सांगून टाकलं होतं. “सोमवारी भेटायला बोलावलंय. मी त्यांना तुझ्या त्या मशीनचं सांगितलं. सर म्हणाले, आणा तिला.”

रात्रीची जेवणं ओट्यावरच झाली. भागवतनं विषय काढला.

“मी न्हाई म्हणून न्हाई राहिले,” मंजुळाबाई म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणत नव्हत्या. “शिकलेली हाय, चांगलंच हाय. पर तू शेतात, मी बी शेतात, अन् ही वसमतला. ह्यांच्याकडं कोण बघंल दिवसभर? पडले-बिडले तर?”

भागवत ताटात रेघा ओढत राहिला. “बघू,” म्हणाला.

“बघायचं काय त्यात,” कोमल म्हणाली. “आत्याबाईंचं बराबर हाय. मी दिपाला सांगते, आत्ता न्हाई जमणार.”

आवाजात काही येऊ नये याची तिनं काळजी घेतली, आणि ते तिला साधलं. ती ताटं गोळा करून आत गेली. खाटेवर किसनराव डोळे मिटून पडले होते. झोपले असावेत असं सगळ्यांना वाटलं.

सोमवारी सकाळी चहा झाला न झाला तोच किसनरावांनी खांबावर काठी ठोकली. त्यांची बसायची ही वेळ नव्हती. मंजुळाबाई शेतात निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी डोक्याला बांधायचं फडकं तसंच खांद्यावर टाकलं आणि बटण दाबून दिलं. किसनराव पाय खाली सोडून बसले आणि हात उचलू लागले. टिक. पुन्हा टिक. घाई केल्यासारखे, एकामागून एक. हात कापत होता, पण छातीपर्यंत येत होता. कोमल तांदूळ निवडायला ताट घेऊन दारात बसली होती. ते आकड्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते.

मग ते थांबले. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

“बस,” ते म्हणाले.

मंजुळाबाईंच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं. आठ महिन्यांत ‘न्हाई’शिवाय स्वच्छ उमटलेला हा पहिला शब्द. “भागवत, आरं आईकलं का? बस म्हनले! बरं बरं, बस झालं आता. राहू द्या हात.” त्या बटणाकडं वाकल्या.

“न्हाई.” किसनरावांनी जोरानं मान हलवली. “बस.”

“मी? हां, बसते की.” मंजुळाबाई लगबगीनं खाटेच्या कडेला बसल्या. “बसले बघा.”

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि उघडले. डावा हात रागानं खाटेवर आपटला. मग उजवा हात मांडीवरून निघाला. डोळ्यासमोरून गेला, यंत्र वाजलं, पण तो तिथं थांबला नाही. खांबाच्या वर गेला. थरथरत, खांद्यातून तुटून पडेल असा थरथरत तो अंगणाच्या फाटकाकडं, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं सरळ झाला.

“वस...” ते म्हणाले. बाकीचं घशातच राहिलं. “बस.”

मोटारसायकलजवळ उभ्या असलेल्या भागवतनं आधी रस्त्याकडं बघितलं, मग बायकोकडं. कोमलच्या मांडीवरचं ताट कलंडलं आणि तांदूळ पायरीवर सांडले. ते गोळा करायला ती वाकली नाही.

किसनरावांनी डाव्या हातानं यंत्राच्या खोक्यावर दोनदा थापटलं, पोराच्या पाठीवर थापटावं तसं, आणि सुनेकडं पाहून मान हलवली. हे आहे की इथं, असं काहीसं ते होतं. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.

मग मंजुळाबाईंनी खाली पडलेलं फडकं उचललं आणि त्याच्या टोकानं नाक पुसलं.

“वसमतच्या गाडीला अजून टाइम हाय,” त्या म्हणाल्या. “दोन घास खाऊन जा म्हणावं. रिकाम्या पोटी काय बोलशील मानसांपुढं.”

हे बोलताना त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. त्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली ठेवायला बघत होत्या, आणि तो काही केल्या ठेवू देत नव्हता.